आई, डबा बघ

नाही, पण मी म्हणते, मूल लांब नोकरीला जातं ते जातं, सगळ्यांचीच जातात, त्याला काही इलाज नाही... पण जाताना आईच्या घरात असा डबा कशाला ठेवून जायचा? फोटो ठेव. जुना शर्ट ठेव, मी घड्या मोडून घड्या घालत बसेन. पण डबा! आणि डबा म्हणजे तुमच्या मनात आला तो नव्हे हो, जेवणाचा असता तर भरून तरी दिला असता. हा काळा, चपटा, वहीएवढा. पुढे एक हिरवा दिवा, मागे तीन वायरी, आणि पोटात माझा मुलगा. म्हणजे मुलगा नाही, मुलाचा फोन. म्हणजे त्याचाही नाही... तिथल्या सगळ्यांचे फोन, त्याचा एकट्याचा सोडून! तेच तर सांगायला बसलेय.

तुम्हाला सांगते, पहिल्या सुट्टीत घरी आला आणि आल्या आल्या बॅगेतून हा डबा काढला. मला वाटलं माझ्यासाठी काहीतरी आणलं. म्हणजे तोंडाने 'कशाला रे खर्च केलास' म्हणायची तयारीसुद्धा केली होती मी! तर हा खुर्चीवर चढून फोनच्या वरच्या फळीवर खिळे ठोकतोय. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतो, "आई, ऐक. आमच्या तिकडच्या खोल्यांत कंपनीचं नेट आहे. त्यावरून इंटरनेटचा फोन लागत नाही, बंद करून ठेवलाय. साधा फोन लावावा तर परदेशातला दर, पगार त्यातच जाईल. पण वेबपेज उघडतं. म्हणून मी एक पान केलंय. पानावर सगळ्यांच्या घरची नावं. आपल्या घराच्या नावावर बोट दाबलं की ती विनंती नेटवरून थेट तुझ्या या डब्याकडे येणार, आणि डबा आपल्या घरच्या लायनीवरून त्यांच्या घरी फोन लावणार. तिकडचा आवाज इकडे, इकडचा तिकडे. पूल गं, पूल! याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात."

प्रॉक्सी म्हटल्यावर मी दचकलेच. अहो, मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण प्रॉक्सी मला माहीत आहे! मैत्रीण वर्गात नसली की बाईंनी तिचा नंबर पुकारल्यावर मागच्या बाकावरून आवाज बदलून 'हजर' म्हणायचं, ती प्रॉक्सी. तर हा हसला, म्हणाला, "अगदी तेच! माणूस इथे नाही, पण डबा त्याच्या वतीने हजर म्हणतो."

मी म्हटलं, "आणि तू स्वतः कधी हजर होणार?"

तर म्हणाला, "आई, जरा हातोडी दे."

बरं. मी आपली उत्साहाने विचारते, "मग त्या पानावर माझं नाव कितवं?" तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी विचारलं विहिरीला तहान लागते का! "अगं आई, तुझं नाव कसं असेल? डबाच तुझ्याकडे आहे. लाईन एकच आहे. डबा त्या लायनीवरून बाहेर फोन लावतो. त्याच लायनीवरून त्याच घरात फोन कसा लागेल? एंगेजच येणार! आणि मोबाइलला लावला तर बिल चढतं, घरच्या फोनांनाच फुकट आहे."

म्हणजे आलं का लक्षात? जगातल्या सगळ्या आयांना या पुलावरून फोन जाणार. फक्त जिच्या घरात पूल बांधलाय, तिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी रोज पुसते. फडक्याने.

सुट्टी संपली, हा गेला, आणि आमच्या फळीवर दिवा लुकलुकायला लागला. सावकाश लुकलुकला की डबा मोकळा. भराभर लुकलुकला की कुणीतरी बोलतंय. आणि सारखंच कुणीतरी बोलतंय हो! तिकडे एकाचं बोलणं संपलं की ही लाईन लगेच दुसऱ्याला. आमच्या जाऊबाईंचा फोनच लागेना. शेवटी स्वतः जिना चढून वर आल्या, धापा टाकत, "काय गं, तुमच्याकडे मंत्र्याचं ऑफिस उघडलंय का? सकाळपासून एंगेज!" मी म्हटलं, "वहिनी, लोक बोलतायत." तर म्हणाल्या, "कोण लोक?" म्हटलं, "मला काय माहीत कोण!" तेव्हापासून त्या यांना एकीकडे घेऊन विचारतात, हिची तब्येत बरी आहे ना म्हणून.

हे म्हणजे आमचे हे. छापखान्यात पुस्तकं बांधायचे, आता घरी असतात, एका कानाने कमी ऐकतात, आणि कुठला कान ते प्रसंग बघून ठरवतात. हे म्हणाले, "काढून टाक तो डबा." पण स्वतः रोज सकाळी आधी डब्याकडे बघतात आणि मग घड्याळाकडे.

एकदा काय झालं, मला दूधवाल्याला फोन करायचा होता, दिव्याकडे न बघता मी रिसीव्हर उचलला. तर आत एक माणूस म्हणतोय, "आणि दात?" आणि एक बाई म्हणतेय, "आला ना. खालचा." आणि मग तो माणूस काही बोलेचना. ती म्हणाली, "अहो, ऐकताय ना?" तर तो म्हणाला, "ऐकतोय. तू बोल. परत सांग." आणि ती परत म्हणाली, "आला. खालचा." मी रिसीव्हर इतका हळू ठेवला, इतका हळू, जसं काही झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतेय. आणि दूधवाल्याला निरोप द्यायला दोन गल्ल्या चालत गेले. तेव्हापासून कानाला खडा, दिवा बघितल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही.

पण त्या दिवशी मनात आलं. खोटं कशाला बोलू? मनात आलं की आपलाही दात आहे तिकडे एक. सगळेच आले होते त्याचे माझ्यासमोर. आता अक्कलदाढ तेवढी यायची राहिली.

तर मग माझा मुलगा मला फोन करायचा की नाही? करायचा! डबा बिघडला की करायचा. वीज गेली, नेट अडकलं, डब्याच्या डोक्यात काही शिरलं, की तिकडे सगळ्यांचे फोन बंद. मग ते सगळे याच्या खोलीच्या दारात उभे, आणि हा साध्या फोनवरून, महागाच्या, माझ्या मोबाइलवर. तो मोबाइलही त्यानेच डब्यापुरता घेऊन दिलेला, त्यात नुसते त्याचे फोन येतात. "आई, डबा बघ." हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आई, डबा बघ. दिवा लाल आहे का? प्लग काढ. तीसपर्यंत मोज. परत लाव. लागला? हिरवा झाला? ठेवतो."

झालं! एवढंच. आता तुम्हीच सांगा, एवढ्यात आईने काय काय बसवायचं? पण मीही काही कमी नाही. मी काय करायची, तीस मोजायचे ना, ते सावकाश मोजायची. "एक... जेवलास का रे?... दोन... थंडी आहे का तिकडे?... तीन... ते पांघरूण पुरतं का?..." तिकडून ओरडायचा, "आई, मध्ये बोलू नकोस, चुकशील!" मी म्हणायची, "बरं बरं. किती झाले होते?" म्हणायचा, "तीन!" मी म्हणायची, "नको, शंका नको, पहिल्यापासून मोजते."

हसताय काय! तीस आकड्यांत बसवलाय मी संसार. अकरावर येईतो त्याचा पाय मुरगळला होता ते कळलं. एकोणिसावर साहेब बदलल्याचं. एकदा सव्वीसला पोचले तर स्वतःहून म्हणाला, "आई, इथे ना कुणी मोठ्याने हाक मारत नाही." मी थांबले. म्हटलं, "म्हणजे रे?" तर म्हणाला, "काही नाही. सत्तावीस."

आणि फोन ठेवला की हे खुर्चीतून विचारणार, "काय म्हणाला?" आता काय म्हणाला? डबा बघ म्हणाला! पण मी म्हणायची, "तुमच्या गुडघ्याचं विचारत होता." हे म्हणायचे, "हं. आणि?" मी म्हणायची, "आणि औषध वेळेवर घ्या म्हणाला." यांचं तोंड असं... म्हणजे फार काही नाही, पण पेपर जरा वर धरायचे. आणि खरंच औषध घ्यायचे! माझ्या सांगण्याने कधी घेतलं नाही ते. तर सांगायचा मुद्दा, प्रॉक्सीचं काम मला काही नवीन नाही. तो डबा यायच्या आधीपासून या घरात मी फळीवरच बसलेय.

मला काय हवं होतं हो? फार नाही. डबा नीट चालू असताना त्याचा एक फोन यावा. दिवा हिरवा, सगळं ठीक, आणि तरीही फोन. बस्स. लोक देवाकडे काय काय मागतात!

आता ऐका, खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणायचं आपलं.

मला विणायची सवय. घरात एकही वस्तू उघडी नाही माझ्या. मिक्सरला कव्हर, रेडिओला कव्हर, मोबाइलला पिशवी. हे म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसत नाही ते याच भीतीने." तर माझ्या मनात आलं, सगळ्या घराला कव्हर आणि हा डबा बिचारा उघडा? धूळ बसते. शिवाय थंडीचे दिवस! मग बसले विणायला. उरलेली लोकर, निळी आणि पिवळी, दुहेरी टाका, पुढे दिव्यासाठी एवढंसं गोल भोक, मागे वायरींसाठी तीन. असं बसलं म्हणता अंगाला, की मला उगाच भरून आलं. त्याच्या तान्हेपणीच्या स्वेटरचंच माप वाटलं. बाह्या नव्हत्या एवढंच.

आणि काय सांगू तुम्हाला! दुसऱ्याच दिवशी फोन. "आई, डबा बघ." त्याच्या पुढच्या दिवशी परत. "आई, डबा बघ ना जरा, परत गेलाय." मग रोज! एकदा तर दिवसातून दोनदा! मी म्हटलं, अरे वा, स्वेटर लाभला! मी दुपारी केस विंचरून बसायला लागले हो, फोनवर कोण बघतंय, तरी! रोजचे तीस आकडे. कुठल्या आईला मिळतात? मी विचारण्याच्या गोष्टी वाटून ठेवल्या, आज खाण्यापिण्याचं, उद्या मित्रांचं, परवा लग्नाचा विषय बाविसाव्या आकड्यावर हळूच. आणि तो चिडायचा तरी बोलायचा. "हो आई. नाही आई. करतो आई. मोज ना आई!" हेसुद्धा खुर्ची ओढून फोनच्या जवळ बसायला लागले, म्हणे उजेड तिथे बरा येतो. पेपरची पानं उलटणं बंद व्हायचं तेवढ्यापुरतं. गुडघ्याची चौकशी मला रोज नवीन बनवावी लागायची!

डबा का बिघडतोय, हा विचार मनात आला का? नाही आला. आपल्या घरी पाहुणा रोज यायला लागला तर आपण त्याला विचारतो का, की बाबा रे, तुझ्या घरी छप्पर गळतंय का?

आणि मग एका दुपारी फोन वाजला. मोबाइल नव्हे, घरचा, फळीखालचा. तो सहसा वाजत नाही. मी धावले.

"हॅलो?"

मी म्हटलं, "हॅलो."

"हॅलो?"

"अहो, बोला ना."

"हॅलो?... हां. हा आमच्या मुलीचा नंबर ना?"

एक म्हातारे आजोबा. मी म्हटलं, "नाही हो, हे माझं घर आहे." तर म्हणाले, "असं कसं बाई? आत्ता मुलगी याच नंबरवरून बोलत होती, तिकडे कंपनीच्या धुलाईखान्यात असते ती. मध्येच तुटलं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की यांची मुलगी तिकडे, आमच्या मुलाच्याच कंपनीत, कपड्यांच्या धुलाईखान्यात, आणि फोन माझ्या लायनीवरून जातो म्हणून नंबर माझा दिसतो. मी म्हटलं, "आजोबा, डबा बिघडला असेल. तुमचं काही फार महत्त्वाचं चाललं होतं का?"

तर म्हणाले, "तेच तर कळत नाही. ती म्हणाली, 'बाबा, रागवू नका, तुम्हाला एक सांगायचंय. मी...' आणि तुटलं."

मी म्हटलं, "अरेरे."

तर मला विचारतात, अगदी साधेपणाने विचारतात हो, "बाई, 'मी'च्या पुढे काय असेल?"

आता काय सांगू मी! 'मी'च्या पुढे काय नसतं? मी येतेय. मी येत नाही. मी आजारी आहे. मी लग्न केलं. मी नोकरी सोडली. मी तिकडेच राहणार. म्हटलं, "आजोबा, काहीतरी चांगलंच असेल." तर म्हणाले, "चांगलं असेल तर रागवू नका कशाला म्हणेल?" म्हातारा हुशार होता. मी म्हटलं, "लावेल ती परत." म्हणाले, "हो. लावेलच." आणि ठेवला नाही फोन. तसेच दोघं धरून बसलो जरा वेळ, त्यांच्याकडे कुठेतरी पंखा कुरकुरत होता, माझ्याकडे डबा लाल.

आणि मोबाइल वाजला. "आई, डबा बघ."

त्या दिवशी मी भराभर मोजले. एक शब्द मध्ये नाही. तोच म्हणाला, "आई, आज बरी आहेस ना?" बघा! जन्मात पहिल्यांदा विचारलं, आणि मी म्हटलं, "हिरवा झाला. ठेव. लोक खोळंबलेत."

आणि तडक खाली गेले. आमच्या खाली पंखे-रेडिओ दुरुस्त करणारा राहतो, त्याला ओढत वर आणलं. तो आला, फळीकडे बघितलं आणि मटकन स्टुलावरच बसला. "काकू... याला स्वेटर घातलाय तुम्ही?"

मी म्हटलं, "धूळ बसते."

"काकू, हाताला चटका बसतोय बघा! याला श्वास कुठून घ्यायचा? ही जाळी आहे ना बाजूला, हे नाक आहे त्याचं. नाक बांधून पळायला लावलंय तुम्ही बिचाऱ्याला. मरत नाही हे नशीब. तापतो, बेशुद्ध पडतो, तुम्ही उठवता, परत पळतो!"

आणि त्याने डब्याचा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. गरम होता हो. आत्ता पोराच्या अंगातून काढावा तसा गरम.

हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी दोन्ही कान चालू होते यांचे. म्हणाले, "म्हणजे तो रोज फोन करत होता ते..." आणि पेपर वर धरला. अर्धवट तुटलेला एक 'मी' पुरे होता त्या दिवशी घरात.

आता प्रश्न काय? स्वेटर काढला तर आपला फोन बंद. घातला तर लोकांचा. मनात आलं नाही असं नाही... एक दिवसाआड घालावा का, सणावारी घालावा का, अर्धाच घालावा का! बराच वेळ बसले मांडीवर घेऊन. पण ते आजोबा आणि तो पंखा कानातून जाईना. एका माणसाची पोर 'मी' म्हणाली आणि त्याच्या पुढचं माझ्या लोकरीत अडकलं. उसवून काढता आलं असतं तर टाकान् टाका उसवला असता. घडी केली आणि कपाटात ठेवला, त्याच्या बाकीच्या स्वेटरांत.

मुलाला सांगायला नको? सांगायला हवं. पण फोन आला तरच ना! डबा निरोगी झालेला. मग एकदा वीज गेली आणि आला. "आई, डबा बघ." मी मोजता मोजता सगळं सांगितलं. "सात... अरे, मी त्याला स्वेटर विणला होता... आठ... म्हणून तो तापत होता..." मला वाटलं आता चिडणार. आणि मग हसायला लागला! "आई! तू... सर्व्हरला... स्वेटर?" असा हसला, असा हसला, मागून बाकीचे विचारतायत काय झालं काय झालं, हा त्यांना सांगतोय, ते हसतायत. मी आकडा विसरले. लहानपणी गादीवर लोळून हसायचा तसं हसू. हे उठून आले, मोबाइलला आपला चांगला कान लावला, आणि नुसते ऐकत उभे राहिले.

मग मी म्हटलं, "अरे, त्या धुलाईखान्यातल्या मुलीला विचार ना, तिला बाबांना काय सांगायचं होतं." तर लगेच गंभीर. "आई, आपण कसं विचारणार? आपण फक्त पूल आहोत. कोण कुठे चाललंय ते पुलाने विचारायचं नसतं." आणि मग म्हणाला, "पण तुला फार त्रास होतो गं या डब्याचा. सारखं उठा, मोजा. थांब. मी करतो बंदोबस्त. या महिन्यातच करतो."

आता तुम्ही सांगा, आईला मुलगा म्हणाला, 'मी बंदोबस्त करतो', तर आईने काय समजायचं? यांना विचारलं, "बंदोबस्त म्हणजे काय हो?" हे म्हणाले, "काय म्हणजे? स्वतः येऊन करणार. फळीवर चढायला दुसरं कोण आहे?" आणि दुसऱ्या दिवशी यांनी त्याच्या खोलीच्या दाराचं बिजागर दुरुस्त केलं. कुरकुरतं म्हणून मी तीन वर्षं सांगत होते. मी गादीला ऊन दाखवलं. उशीचे अभ्रे बदलले. एकमेकांशी आम्ही एक शब्द बोललो नाही येण्याबद्दल, बोललं की फिसकटतं.

आणि एका सकाळी दाराची घंटा वाजली. हे गुडघा विसरून माझ्या आधी दारात! तर कुरिअरवाला. एवढंसं खोकं. आत एक पांढरा प्लग. त्याबरोबर मोबाइलवर मेसेज, 'आई, दुरुस्तीवाल्याला सांगून हा लावून घे. डबा अडकला की हा प्लग आपोआप बंद होतो, तीस मोजतो, परत चालू होतो. आता तुला काही बघायला नको!' आणि पुढे हसरं तोंड.

काळजी हो. माझ्या काळजीनेच केलं त्याने. त्यात वाईट काय आहे? दुरुस्तीवाल्याने लावून दिला. "काकू, आता निवांत!" म्हणाला. अगदी निवांत. वीज जाते, येते, डबा लाल होतो, तो प्लग टक् करतो, गप्प राहतो... मी समोर बसून मोजलं एकदा, बरोबर तीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. चुकत नाही, पहिल्यापासून परत मोजत नाही. आणि मध्ये कुणाला जेवलास का विचारत नाही.

तेव्हापासून डबा स्वतःच स्वतःकडे बघतो. मोबाइल गप्प. केस काय, मी सकाळीच विंचरते आता, एकदाच.

काल दुपारची गोष्ट. फळीखालचा फोन वाजला.

"हॅलो?... हॅलो?... हॅलो?"

मी म्हटलं, "बोला आजोबा."

"ओळखलंत! बाई, मुलीचा फोन आला होता मध्ये. विचारलं मी, काय सांगणार होतीस. तर म्हणाली, 'काही नाही बाबा, विसरले.' असं वाक्य विसरतं का हो कुणी? आणि त्यानंतर फोनच नाही तिचा. बरेच दिवस झाले. म्हणून म्हटलं, विचारावं... जरा डबा बघता का?"

मी वर बघितलं. दिवा हिरवागार. त्यांच्याशी बोलायला मी लाईन धरली होती म्हणून सावकाश, शांत लुकलुकत होता. सकाळपासून तर थांबला नव्हता, भराभर, भराभर, कुणाकुणाच्या घरी पोचत होता. ठणठणीत डबा.

मी म्हटलं, "हो आजोबा. बिघडलाय."

"हो ना?" म्हणाले. इतकं बरं वाटलं त्यांना! आवाजच बदलला. "तरी मी म्हटलंच! पोरगी अशी नाही माझी. फार बिघडलाय का?"

"फार नाही. पण वेळ लागेल."

"लागू दे, लागू दे. सावकाश करा. घाई नाही काही." आणि फोन ठेवताना म्हणाले, "तुमचे उपकार आहेत बाई."

मी फोन ठेवला आणि तशीच स्टुलावर बसले. दिवा लगेच भराभर लुकलुकायला लागला, कुणीतरी वाटच बघत होतं लाईन सुटायची. मला वाटलं, खोटं बोललो आपण, म्हाताऱ्या माणसाशी. हे खुर्चीत, पेपर तोंडासमोर. मला वाटलं ऐकलं नसेल, तो बाजूचा कान कमी ऐकणारा.

तर पेपर खाली न करता म्हणाले, "अगं."

म्हटलं, "काय?"

म्हणाले, "त्याचाही फोन नाही आला बऱ्याच दिवसांत... डबा बिघडला असेल."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पान उलटलं. वरती तो दिवा हिरवागार, अर्ध्या गल्लीला दिसेल असा.

मी म्हटलं, "हो. तसंच असेल."

आणि उठले, स्टूल घेतलं, वर चढले, आणि डबा उलटा करून ठेवला. दिवा भिंतीकडे. त्याने तापत नाही हो... खाली जाऊन विचारून आले मी.